दोन दारांचा सर्व्हर

फोन खांद्यानं कानाशी दाबून थोरली एक्स-रेचे फोटो डॉक्टरांकडे पोचवणाऱ्या सर्व्हरसमोर उभी होती, बसवतच नव्हतं. पलीकडे तिची धाकटी जाऊ, डोंगरावरच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारी.

"ताई, फोटो जातच नाही, पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय. झाडावरून पडलेला माणूस आहे, मान दुखतेय म्हणतो. गाडीवाला इंजिन चालू करून बसलाय. डॉक्टरांनी फोटो बघितल्याशिवाय याला हलवू की नको?"

"थांब गं जरा."

"थांबलेच आहे! तुमचा सर्व्हर म्हणजे दारात उभं करून पाणीसुद्धा न विचारणारा."

एरवी थोरली हसली असती. इंटरनेटची जुनी लाइन वरचेवर बंद पडते म्हणून कालच तिनं दुसऱ्या कंपनीची नवी लाइन जोडली होती. डॉक्टर जुन्या लाइनवर, डोंगरावरचा दवाखाना नवीवर. धाकटीची हाक सर्व्हरपर्यंत येताना पडद्यावर दिसत होती. उत्तर मात्र वाटेत कुठं गडप होत होतं, देव जाणे.

"काल तर फोटो चुटकीसरशी गेला होता," धाकटी कुरकुरली.

काल! थोरलीनं तारांकडे पाहिलं. काल तिनं जुनी तार काढून नवी तपासली, मग नवी काढून जुनी. दोन्ही एकत्र लावून तपासल्याच नव्हत्या. सर्व्हर सवयीचा गुलाम. नव्या दारानं, म्हणजे नव्या लाइननं, आलेल्यालाही जुन्याच दारानं उत्तर धाडत होता, आणि जुनी कंपनी परका पत्ता बघून ते टाकून देत होती.

हात जुन्या तारेकडे गेला. काढली की झालं! पण मग डॉक्टरच तुटणार. हात मागे आला. मनातल्या मनात देवाचं नाव घेत तिनं सर्व्हरला नियम लिहायला घेतला: हाक ज्या दारानं येईल, उत्तर त्याच दारानं जाईल. बोटं चुकत होती. खोडलं, पुन्हा लिहिलं.

"पाठव आता."

पलीकडे फक्त इंजिनाची घरघर.

"गेला! ताई, गेला!"

थोड्याच वेळात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. डॉक्टर. "मणक्याला तडा आहे. मानेला पट्टा बांधल्याशिवाय तसूभर हलवू नका."

थोरलीनं शब्दन्‌शब्द पुढं सांगितला.

"अहो, बंद करा ते इंजिन!" धाकटी ओरडली. घरघर थांबली.

थोरली तरी उभीच. "अगं, आणखी एक फोटो पाठव ना."

"आता कुणाचा? माझा?"

"कुणाचाही. दोन्ही तारा लावलेल्या असताना मला पुन्हा एकदा बघायचंय."