हाडाची झाली चप्पल

मित्रांनो, आधी मला नीट पाहून घ्या आणि हसायचं असेल तर हसूनही घ्या. मी एक जुना पत्र्याचा साचा आहे. काठाला गंज, एका टोकाला पोचा. माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातून झाला. काका पत्र्याचे डबे करायचे. भुंग्या नावाच्या घरच्या कुत्र्यासाठी काकूंनी त्यांच्याकडे हाडाच्या आकाराचा साचा मागितला होता. कामाच्या गडबडीत काकांनी माझं एक टोक रुंद कापलं, दुसरं अरुंद.

"हाड सांगितलं होतं. ही तर चप्पल झाली," काकू म्हणाल्या.

"त्याला काय फरक पडतो? तो दोन्ही खातो," काका म्हणाले.

तेव्हापासून भुंग्याच्या बिस्किटांना सगळे 'चपला'च म्हणू लागले. दर रविवारी सकाळी काकू देवाचं काहीतरी गुणगुणत कणीक मळत. तिच्यात उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडं, बस्स. मीठ नाही, साखर नाही. मग मी त्या लाटलेल्या कणकेत शिरायचो आणि ओव्हनमधून खुटखुटीत चपला निघायच्या. एकदा काकांनी चहाबरोबर चुकून एक खाल्ली आणि मीठ विसरल्याची तक्रार केली. काकूंनी खरं काही सांगितलं नाही. काकांनी दुसरी घेतली.

दारात पाहुण्यांना कुणी "चपला काढा" म्हटलं, की भुंग्या धावत बिस्किटांच्या डब्यापुढे जाऊन बसे. काय ते दिवस होते!

काकूंची पुतणी ठकू तेव्हा सात वर्षांची होती. एका रविवारी काकू कणीक लाटून शेजारी गेल्या, तेव्हा ठकूने मला उचललं. चपला पाडल्या. पण चपलेला अंगठा हवा ना! म्हणून तिने प्रत्येकीवर मनुके बसवले. भाजेपर्यंत भुंग्याला धीर नव्हता. त्याने कच्च्याच चपला फस्त केल्या. उरलेल्या मनुक्यांची वाटी ठकूने प्रेमाने त्याच्यापुढे धरली.

काकू परतल्या आणि रिकामी वाटी पाहून त्यांनी लगेच फोन उचलला. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, की द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषासारखे. काही लक्षण दिसायची वाट पाहू नका, असेच निघा. भुंग्याला ओकवलं, सलाईन लावलं, दोन दिवस तिथेच ठेवलं. मी ओट्यावर तसाच पडून होतो, अंगावरची कणीक वाळवत.

"काकू, मी गोडच दिलं होतं," ठकू म्हणाली.

"प्रेमाने दिलंस, हे त्याला कळलंय. पण पोटाला प्रेम कळत नाही गं. म्हणून आधी विचारायचं."

तिसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. तो मान उचलेना. ठकू त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "चपला काढा." एक कान उभा राहिला. मग शेपटी जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा. काकूंनी हात जोडले. मला हात असते, तर मीही जोडले असते.

पुढे भुंग्या म्हातारा होऊन गेला. मी खणात पडलो, बोथट सुरीच्या शेजारी. किती रविवार आले नि गेले, कणकेचा वाससुद्धा विसरलो. आणि काही महिन्यांपूर्वी मोठी झालेली ठकू एक पिल्लू कुशीत घेऊन घरी आली. तिने मला खणातून काढलं, घासलं. माझा पत्रा शहारला! पण गंज पाहून तिने मला कणकेला लावलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग तिने मला कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली आणि तो कागद कारागिराकडे नेला. स्टीलचा नवा साचा करताना त्याने विचारलं म्हणे, टोकं सारखी करू का? ठकू म्हणाली, अजिबात नको.

आता मी ओट्याजवळच्या खिळ्यावर असतो आणि रविवारी वास घेतो. मित्रांनो, देवाने ज्यांना शेपटी दिली पण बोल दिले नाहीत, त्यांच्या तोंडाशी घास नेण्याआधी जाणत्याला विचारा. जसं ठकूने मला कणकेपासून दूर ठेवलं, तसं कधी प्रेमानेच दूर ठेवावं लागतं.

तेवढ्यात दारात कुणी पाहुणे आलेत. काकू त्यांना चपला काढायला सांगताहेत. आणि बघा, पिल्लू डब्यापुढे येऊन बसलंसुद्धा.