सरांच्या समोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सरांची नव्हे, सरांच्या समोरची. हा फरक आधीच सांगून टाकते, कारण माणसं नेहमी तिथंच घोळ करतात. सरांची खुर्ची गादीची, चाकांची आणि गरगर फिरणारी. नको असलेलं माणूस समोर आलं की ती खिडकीकडे तोंड करू शकायची. मला ती सोय नव्हती. माझं तोंड कायम टेबलाकडे आणि दार माझ्या पाठीशी. त्यामुळे येणारा माणूस मला कधी दिसला नाही. मी पावलं ओळखायला शिकले.

माझं लाकूड एका जुन्या जिन्याचं. ती इमारत पाडली तेव्हा सुताराने पायऱ्या उचलून आणल्या, रंधा मारला आणि त्यातून मला घडवलं. वेत विणणारी बाई मोठी काटेकोर होती. एक पट्टी जरा सैल पडली तर अख्खी ओळ उसवून पुन्हा घालायची. पूर्वी लोक माझ्यावर पाय ठेवून वरच्या मजल्यावर जात, पुढे ते माझ्यावर बसून पदवीपर्यंत पोचायचा प्रयत्न करू लागले. माणसांना वर पोचवणं आपल्या नशिबातच आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, शेवटच्या खोलीत माझी रवानगी झाली. खोली सरांची. ते मुळांचा अभ्यास करायचे. झाडाचं फूल दाखवलं तर ‘हं’ म्हणायचे आणि मूळ दाखवलं की चष्मा काढून पुसायला घ्यायचे.

कोण कसं बसतं यावरून मला माणूस बराचसा कळतो. यंत्रं विकायला येणारे ऐसपैस रेलून बसत. दुसऱ्या खोल्यांतले प्राध्यापक एक कोपर माझ्या पाठीवर टाकून तासभर तिसऱ्याच्या तक्रारी सांगत. पीएचडी करणारी मुलंमुली मात्र माझ्या पुढच्या कडेवर जेमतेम टेकायची, आणि त्यांची नखं माझ्या बैठकीखाली जाऊन वेत उकरत बसायची. सर म्हणाले, “हे वाक्य मला कळलं नाही,” की गेलीच एक काडी. त्या कडेखालची सगळी वीण अशीच गेली आहे. काटेकोर विणणाऱ्या त्या बाईने ती पाहिली असती, तर मला तिथल्या तिथे उसवायला घेतलं असतं.

सरांचा एक नियम होता. नवा विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी ते सांगत, “माझं दार उघडं असलं की सरळ आत यायचं, विचारत बसायचं नाही. बंद असलं की मी लिहितोय. तेव्हा वाजवायचं नाही, नंतर यायचं.” नियम सोपा होता आणि वर्षानुवर्षं सगळ्यांनी निमूट पाळला.

सरांची शेवटची विद्यार्थिनी म्हणजे गवतवाली. हे नाव तिला विभागाने ठेवलं. नदीचा काठ ढासळतो तेव्हा कुठल्या गवताची मुळं माती धरून ठेवतात, हा तिचा विषय. सर आता निवृत्तीला आले होते, तिच्यानंतर नवा विद्यार्थी घेता येणार नव्हता. ती यायची तेव्हा तिच्या चपलांना ओला गाळ असायचा आणि खोलीभर नदीचा वास सुटायचा. सफाईवाल्या मावशी तिच्या नावाने बोटं मोडायच्या.

पहिल्या वर्षी तिचा उत्साह ओसंडून वाहत होता. तिचे वडील शिंपी. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते सांगायचे, “आमची डॉक्टर होतेय.” मग शेजारच्या आजी आपल्या गुडघ्याचं औषध विचारायला घरी हजर. “बाबांना किती सांगितलं, मी ती डॉक्टर नाही,” ती सरांना सांगत होती, “तर म्हणाले, असू दे गं, गुडघ्याला गवत बांध म्हणावं.” सर त्या दिवशी ठसका लागेपर्यंत हसले होते.

दुसऱ्या वर्षी नदीला पूर आला. तिने आखून, बी पेरून, महिनोन्महिने जपलेले काठावरचे सगळे वाफे एका दिवसात वाहून गेले. ती आली, बसली आणि रडायला लागली. सरांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळलं नाही. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला, कप तिच्याकडे सरकवला, मग साखर नाही हे आठवून परत ओढला. शेवटी म्हणाले, “माझी पहिल्या दोन वर्षांची मुळं उंदरांनी खाल्ली होती. मी गाईडला सांगायला गेलो, तर त्यांनी विचारलं, कुठली आधी खाल्ली? ते लिहून ठेवलंस का?” ती रडता रडता हसली. त्या क्षणी मला दोघांचाही अभिमान वाटला.

आणि खरंच, तिने तेच केलं. पुरात काय वाहून गेलं ते सगळेच बघत होते, काय उरलं ते बघायला ही परत गेली. उरलं होतं ते एक चिवट, बुटकं गवत. ते तिने पेरलेलंही नव्हतं, उलट तण म्हणून उपटून टाकत होती. तिने त्याचं एक ढेकूळ मुळांसकट आणून टेबलावर ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. ते उठून उभे राहिले, पण तोंडाने एवढंच म्हणाले, “हं. मोजून आण.”

ती गेल्यावर शेजारच्या खोलीतल्या बाई आल्या, तेव्हा सर त्यांना ते ढेकूळ दाखवत किती वेळ बोलत होते. बाई म्हणाल्या, “मग हे तिला सांगा ना.” सर म्हणाले, “आत्ता नाही. आधी कौतुक केलं की पोरं सैल पडतात. तोंडी परीक्षा होऊ दे, मग सगळ्यांसमोर सांगीन.” त्यांच्या गाईडने त्यांना असंच वाढवलं होतं. माणसं जे सोसतात तेच पुढच्याला शिस्त म्हणून देतात, हे मी बसल्या जागी पुष्कळ पाहिलंय.

तिसऱ्या वर्षी तिने पहिलं मोठं प्रकरण लिहून आणलं. सरांनी ते मनापासून वाचलं, म्हणजे लाल शाईने रंगवून काढलं. पानंच्या पानं काट मारलेली. “पुन्हा लिही,” ते म्हणाले. त्यांच्या हिशोबी हे सन्मानाचं होतं. टाकाऊ लिखाणावर ते शाई खर्च करत नसत, नुसतं ‘ठीक’ लिहून परत देत. पण हे तिला कोण सांगणार? तिने पानं उचलली, “हो सर” म्हणाली आणि गेली. त्या दिवशी माझ्या वेताच्या बऱ्याच काड्या गेल्या.

नेमकं त्याच आठवड्यात आगीपासून बचावाचा काहीतरी नवा नियम आला आणि दोन माणसं येऊन विभागातल्या सगळ्या दारांना डोअर क्लोजर बसवून गेली. वरच्या बाजूला लोखंडी दांडा. दार उघडून सोडलं की हळूहळू येऊन आपोआप लागतं. सरांनी दोन दिवस त्या ‘खट्’ आवाजावर कुरकुर केली. मग कॉरिडॉरचा गलका येईनासा झाला हे त्यांना आवडलं आणि ते दाराबद्दल विसरून गेले. आपला नियमही विसरले. त्यांच्या लेखी दार बंद तेव्हाच, जेव्हा ते स्वतः उठून लावतील.

त्यानंतर ती आली. तिची पावलं मी ओळखत होते, उजवी चप्पल जरा घासायची. दारापर्यंत आली, थांबली. मी मनात म्हणत होते, ये गं, सर बसलेत नुसते पेन्सिल तासत. पावलं वळली आणि गेली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग दुपारच्या वेळी, मग सकाळी सकाळी. कधी सर खरंच लिहीत असत. बहुतेक वेळा ते वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत असत आणि मधेच मान वर करून माझ्याकडे बघत. माझ्याकडे म्हणजे माझ्या रिकाम्या बैठकीकडे.

“गवतवाली हल्ली दिसत नाही,” एकदा बाईंनी विषय काढला. “रुसली असेल,” सर म्हणाले, “प्रकरण परत दिलं ना. येईल. गरज तिला आहे.” हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

शेवटी तिनेच मेल पाठवला असावा. सर एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायचे, म्हणून उत्तर मी ऐकलं. “कधीही ये. दार उघडंच असतं.” पाठवून ते खूश झाले. टेबल आवरलं, तिच्यासाठी काढून ठेवलेली दोन पुस्तकं वर घेतली. दुसऱ्या दिवशी पावलं आली. थांबली. या वेळी बराच वेळ थांबली. आत सर वाट बघत होते, बाहेर ती उभी होती, आणि मध्ये ते लागलेलं दार. मी लाकडाची आहे, ओरडता येत नाही. एरवी कुणी हलकं टेकलं तरी मी कुरकुरते, तेव्हा मात्र माझ्यावर कुणी बसलेलंच नव्हतं. पावलं गेली.

मग ती यायचीच बंद झाली. नंतर कधीतरी दारावर टकटक झाली. ऑफिसमधल्या क्लार्क बाई होत्या आणि त्यांच्या मागे ती. तिच्या नोंदणीची मुदत संपत होती आणि तिला ती वाढवायची नव्हती. सरांची सही हवी होती. ती बसली, पण नखं नुसती मांडीवर ठेवून होती.

“ठरवलंच आहेस?” सरांनी विचारलं.

“हो सर. माती तपासणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीये. इमारतींच्या पायाचं काम असतं.”

“बरं,” सर म्हणाले. “चांगलं आहे.” आणि त्यांनी सही केली. दोन शिकलेली, शहाणी माणसं, एकमेकांना एक प्रश्न विचारायला कचरली. मला त्या दिवसाचा अजून राग येतो.

सर निवृत्त झाले त्या दिवशी खोलीत खोकीच खोकी होती. सामान बाहेर काढायला सोपं जावं म्हणून कुणीतरी पुस्तकांचं एक जड खोकं लावून दार उघडं अडवून ठेवलं होतं. घासणाऱ्या चपलेचा आवाज आला आणि या वेळी थांबला तो अगदी माझ्या मागे.

“येऊ का सर?”

“अगं विचारतेस काय? दार उघडंच आहे.”

“आज आहे,” ती म्हणाली.

सर दोरी बांधता बांधता थांबले. “आज म्हणजे?”

“काही नाही सर, असंच.”

“नाही, बोल. आता तरी बोल.”

ती बसली. “तुम्हीच सांगितलं होतं ना, बंद असलं की वाजवायचं नाही. मी यायचे, दर वेळी बंदच असायचं. तुम्ही मेलमध्ये उघडंच असतं म्हणालात, तो वाचूनच आले, तेव्हाही बंद. मग मी समजले, की सरांना आता माझं काम बघायचं नाहीये, तोंडावर सांगवत नाहीये.”

सरांनी दाराकडे पाहिलं. मग वरच्या दांड्याकडे. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं समोरून पाहत आले, पण असा कधी पाहिला नव्हता.

“ते आपोआप लागतं गं,” ते म्हणाले. “मी नाही लावलं कधी.”

ती माझ्यावर बसल्या बसल्या मागे वळून त्या दांड्याकडे बघू लागली.

“मला वाटलं, तू रुसलीस.”

“वाजवायला हवं होतं मी,” ती म्हणाली.

“मी उठून बघायला हवं होतं.” सरांनी दोरी खाली ठेवली. “नव्याने नोंदणी करता येईल. मी बोलतो कुणाशी तरी. अर्धं काम तर झालेलंच आहे.”

“नको सर. बाबांना एकदा समजावून झालंय. आता ते दुकानात कुणाला काही सांगत नाहीत. पुन्हा आस लावायची आणि पुन्हा तसंच झालं तर… त्यांच्याच्याने आता होणार नाही. माझ्याच्याने पण नाही.”

मग तिने खोकी बांधायला मदत केली, सरांच्या तब्येतीची चौकशी केली, वाकून नमस्कार केला आणि गेली. सर दारापर्यंत गेले. तिथून ते परत आले, पण आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. किती जड झाला होता तो माणूस. समोर त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे बघत ते म्हणाले, “फार चांगलं काम होतं तुझं. त्या बुटक्या गवताचं मला आयुष्यात सुचलं नसतं. तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर हेच सांगणार होतो मी.” खोलीत माझ्याशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

आता मी विभागाच्या मागच्या अडगळीत आहे. नव्या सरांनी आपल्या खुर्च्या आणल्या. माझी बैठक मधोमध खचली आहे, एक पाय हलतो, आणि कोळ्याने हाताखाली घर केलंय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पुष्कळ वापर झाला माझा. एकच गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. सरांचं ते बोलणं माझ्यापाशीच अडकून पडलंय. ते माझं नाही, तिचं आहे. सर पुढे तिला भेटले की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक नसावेत, त्यांचा स्वभाव मी जाणते.

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं आहे. कुठे इमारतीचा पाया खणताना मातीची तपासणी करणारी एखादी बाई दिसली, आणि सगळे खड्ड्यात बघत असताना ती कडेला उगवलेलं गवत उपटून त्याची मुळं निरखत असली, तर तिच्याजवळ जा. संकोच करू नका. तिला म्हणा, तुझं काम फार चांगलं होतं, असं सर म्हणाले.