क्षमेच्या रविवारचं ताट

लढाई हरलेल्या सम्राटाला राजधानीने आमच्या बेटावर आणून टाकलं आणि त्याची झळ बसली माझ्या नवऱ्याला. सम्राटाचे केस कापून, काळा झगा चढवून त्याला मठात डांबलं होतं, पण त्याच्या डोक्यातला संशय काही कोणाला कापता आला नाही. कोणी चाखल्याशिवाय तो पाणीही पीत नसे. पहारेकऱ्यांचा नायक वार्दास गावात आला आणि माझ्या कोस्मासला चाखायला घेऊन गेला. का, तर हा मासेमार धडधाकट आहे. असा माणूस मेला तर विषच असणार, म्हणे!

मठाची चूल माझ्याकडेच होती. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून राहू लागले. पिठावर झाकण, विहिरीवर झाकण. कोणी भाजी आणून दिली तर आधी त्यालाच एक पान चावायला लावायचे. बायका म्हणायच्या, "अँथुसा, तू तर सम्राटाच्या वर ताण केलीस गं." केली असेन. नवरा माझा होता, त्यांचा नव्हता.

मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी राजधानीचं गलबत आलं. नव्या सम्राटाचा, म्हणजे याच्याच भावाचा, दरबारी मेलेतिस उतरला, सोबत मधात मुरवलेल्या चीजच्या वड्यांचा डबा. "उपासाआधीचं शेवटचं गोड," तो म्हणाला. मी वड्या ताटात मांडल्या. बोटाला मध लागला तो चाटला नाही, पदराला पुसला.

त्या रविवारी आमच्यात सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. सासू सुनेच्या पाया पडते, मालक गड्याच्या. "क्षमा कर" म्हणायचं, समोरच्याने "देव क्षमा करो" म्हणायचं, आणि घरातलं दूध-चीज संपवून उपास धरायचा. मेलेतिसही सम्राटासमोर गुडघ्यावर बसला, जमिनीला कपाळ टेकलं.

"देव क्षमा करो," सम्राट खिडकीकडे बघत म्हणाला.

इथवर ठीक होतं. मग मेलेतिस उठला, वार्दासला ओलांडून, मला ओलांडून थेट कोस्मासपुढे गेला आणि वाकला. "मला क्षमा कर, भाऊ."

"अहो साहेब! देव क्षमा करो, देव क्षमा करो," आमचं येडं लाजून लाल झालं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. सकाळपासून वार्दासच्या नमस्काराला मानही न हलवणारा हा माणूस एका मासेमाराच्या पाया पडतो? राजधानीत डोळे काढणारा जल्लादसुद्धा आधी क्षमा मागतो, असं ऐकलं होतं. आणि त्या ताटातलं खाणारी माणसं दोनच होती, सम्राट आणि माझा कोस्मास.

कोस्मासने वडी उचलली.

"ठेव ती!" मी ओरडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जीभ रेटून म्हटलं, "महाराज, आमच्या बेटावर क्षमा नुसती तोंडी देत नाहीत. ज्याला क्षमा केली, त्याला आपल्या ताटातला पहिला घास भरवतात."

कोस्मासने "हे कधीपासून?" म्हणायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

सम्राट वळला. त्याने एक वडी उचलली. "ये मेलेतिस. आ कर."

"महाराज, माझा उपास सुरू झाला."

"अजून सूर्य वर आहे."

"मी कालपासूनच धरलाय."

"सकाळी माझ्याकडून दोन वाट्या दही मागून खाल्लंत की!" मी म्हणाले.

मेलेतिसचा चेहरा पांढरा पडला. वार्दासने दाराला कडी घातली. सम्राटाने वडी ताटात ठेवली. "डबा याच्याबरोबर परत पाठवा. माझ्या भावाला म्हणावं, माझाही उपास सुरू झाला."

मी कोस्मासचा हात धरून रडत होते. वाचला होता माझा माणूस.

"ए बाई," सम्राट म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"तो माझ्या नवऱ्याच्या पाया पडला, म्हणून."

"माझ्या पाया आयुष्यभर माणसं पडली. मला एकाचंही मन कळलं नाही, आणि तुला कळलं?" त्याचा आवाज चढला नाही. "ताट तुझ्याच हातून आलं. आधी मेलेतिसच्या कटाला हो म्हणालीस आणि मग नवऱ्यासाठी घाबरलीस."

"महाराज, नवरा आहे हो तो माझा!"

"मला हरवणारा माझा सख्खा भाऊ आहे. नायक, हिच्या नवऱ्याला सोडा. उद्यापासून ही चाखेल."

कोस्मास त्याच्या पायावर पडला. "मीच चाखतो, महाराज, तिला नको." सम्राटाने पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी उपासाचे बिनतेलाचे मसूर केले. कोस्मास होडी टाकून मठाच्या खिडकीशी उभा होता. मला राग आला होता, ताट आपटावं असा. मसूर मी निवडले होते, पाणी मी ओढलं होतं, मीठ मीच टाकलं होतं. तरी चमचा तोंडाशी नेताना, मध्ये कोणी काही टाकलं तर नसेल, असं वाटून माझा हात थांबला. सम्राटाने ते पाहिलं, आणि ताट बाजूला सारलं.