आकडा लागला होता

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. मला साधा हातही न लावता लिहिलंत.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी शिडी आहे. दोन सागवानी खांब, अकरा पायऱ्या आणि माथ्याला दोन लोखंडी आकडे. शिडीनं साहेबांशी असं बोलू नये, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या कागदावर मला कुजकी ठरवलंय तो सरकारी आणि मी नुसती लाकडी, एवढ्यावरून मी गप्प बसणार नाही.

भवानी पेठेतल्या दादामियाँ सुतारांनी मला १९६३ साली घडवलं, थोरल्या मुलासाठी. त्याचं नाव नियाज. खडकीच्या कारखान्यातली पक्की नोकरी त्यानं सात महिन्यांत सोडली, कारण तिथं दिवसभर एका जागी उभं राहावं लागे. मग तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. दादामियाँ आपल्या मुलाला ओळखून होते. म्हणाले, "हा वर चढला तरी स्वस्थ उभा राहायचा नाही." म्हणून त्यांनी मला आकडे बसवले. पाटीच्या लोखंडी चौकटीत ते अडकले, की वरच्यानं कितीही नाच केला तरी शिडी घसरत नाही.

नियाज वर, आणि धाकटा भाऊ रहीम खाली, माझ्या पहिल्या पायरीवर पाय रोवून. एकवीस वर्षं हाच क्रम. नियाज चढून आकडे अडकवायचा. रहीम खालून विचारायचा, "भाईजान, लागला?" वरून उत्तर यायचं, "लागला!" मगच रंगाचा डबा वर जायचा.

नियाज जेवायलाही खाली उतरत नसे. सातव्या पायरीवर बसून भाकरी खायचा आणि रस्त्यावरच्या लोकांना न मागता सल्ले द्यायचा. अक्षर असं, की लोक थांबून बघत. स्वभाव असा, की तेच लोक लगेच पुढं जात.

बुधवार पेठेत पुस्तकांच्या एका दुकानाला लागून विजेचा खांब होता. त्याची एक तार सोलवटून तांबं उघडं पडलं होतं. नियाजनं वीज कचेरीत तीन अर्ज दिले, पाटीसारख्याच ठळक, टपोऱ्या अक्षरांत.

कारकून म्हणाला, "अहो, हा अर्ज आहे की बोर्ड?"

"तुम्हाला खुर्चीतून न उठता वाचता यावा म्हणून मोठा काढलाय."

तिन्ही अर्जांवर 'आवक' असा शिक्का बसला. तार तशीच लोंबत राहिली.

आता १९८४ सालची गोष्ट. एका मिठाईवाल्याला पाटीवर 'स्थापना १९३२' हवं होतं. दुकान परवापरवाचं. नियाज म्हणाला, "तुमचा जन्म झाला होता का तेव्हा? मग दुकान काय तुमच्या आधी चालत आलं?" मिठाईवाल्यानं दोघांना हाकलून दिलं. रहीम चिडला. "भाईजान, जगाचं खरंखोटं तपासायचा मक्ता तुम्ही घेतलाय का?" त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. तशाच अबोल्यात ते मला घेऊन पुस्तकांच्या दुकानापाशी आले. तिथली जुनी पाटी नव्यानं रंगवायची होती.

नियाज चढला. रहीमनं त्या दिवशी "लागला?" असं विचारलंच नाही. नियाजनंही काही सांगितलं नाही.

नियाजचा एक हात चौकटीवर होता, दुसरा ओल्या फडक्यानं भिंत पुसत होता. ती उघडी तार हातभर अंतरावर होती. वारा आला, तार झुलली आणि माझ्या आकड्याला चिकटली. ठिणगी उडाली. नियाज पडला. मी पडले नाही, मित्रांनो. मी चौकटीला धरून लटकत होते. रहीमचे डोळे मात्र खाली होते, भावाच्या तोंडाकडे. घाबरलेल्या लोकांनी काठ्यांनी ढकलून मला फुटपाथवर आपटलं.

मग वीज कचेरीतले साहेब आले. आडवी पडलेली शिडी लांबून पाहिली आणि लिहिलं, 'जुनी व कुजकी शिडी, आकडा न लावल्याने घसरली.' रहीमनं खाली सही केली. त्याला ते खरंच वाटलं. विचारलं असतं तर भाईजाननं आकडा लावला असता, असं त्याच्या मनानं घेतलं. नियाज गेला आणि त्याचं नावही घरातून गेलं. त्याचा विषय निघाला, की रहीम पायात चपला घालून बाहेर पडे. मला माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. एकोणीस वर्षं मी पालींखेरीज कुणाला पाहिलं नाही.

मग रहीमची मुलगी जरीना विजेचं काम शिकली. घरात नवी तार ओढायला तिला शिडी हवी होती.

"तिला हात लावू नकोस," रहीम ओरडला. "कुजकी आहे ती."

"कुणी सांगितलं?"

"कागदावर आहे."

"मग कागदाला वाळवी लागली असेल, अब्बा. हिला तर नाही लागलेली." तिनं मला अंगणात आडवं केलं आणि एकेका पायरीवर उभी राहिली. अकराच्या अकरा. आकड्यापाशी आल्यावर मात्र ती वाकून बघू लागली. "अब्बा, इकडे या. हे लोखंड वितळलंय. इथे वरून, तार लागली तिथे. आणि आकड्याच्या आतल्या बाजूलाही, चौकट टेकते ना, तिथे. आकडा अडकलेला नसता तर आतून वितळलाच नसता."

रहीमनं आकड्याच्या वळणात बोट घातलं. तिथला खळगा चाचपला, पुन्हा चाचपला.

"लागला होता," तो म्हणाला.

मग तो मटकन जमिनीवर बसला आणि हसायलाच लागला. "लावला होता यानं! आणि एक शब्द नाही बोलला! 'लागला' म्हणायला याची जीभ झिजणार होती काय? हट्टी, आडमुठा, अर्धवट माणूस!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शिव्या थांबत नव्हत्या. आतून त्याची बायको रशीदा म्हणाली, "आणि माझं स्वयंपाकघर न विचारता लालभडक रंगवलं, ते पण सांगा." एकोणीस वर्षांनी त्या घरात नियाजला मोकळेपणी नावं ठेवली जात होती. माझ्या लाकडाला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

आता मी जरीनाबरोबर कामाला जाते. ती वर असते. खाली रहीम विचारतो, "लागला?" ती दोनदा सांगते.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर खापर फोडण्याआधी तिला हात लावून बघा. आणि सही करण्याआधी वर बघा.

साहेब, तुमच्यासाठी मात्र उपदेश नाही, प्रश्न आहे. जरीनानं तो चौथ्या अर्जात घातलाय, काकासारख्याच टपोऱ्या अक्षरांत. तीन अर्ज देऊनही जी तार हलली नाही, तिला नियाज गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्या माणसांनी काळी पट्टी गुंडाळली. अख्ख्या गल्लीनं पाहिलंय.

शिडी कुजकी होती, तर पट्टी तारेला का गुंडाळलीत? उत्तर द्या.