रिकिबीविना

भिंगरी दहा वर्षांची असताना वडिलांनी तिला पहिल्यांदा घोड्यावर बसवले आणि त्याच सकाळी खोगिराच्या दोन्ही रिकिबी काढून कुंपणावर टांगल्या. पाय टेकवायला काही उरले नाही. पडायचे, माती झटकायची, पुन्हा चढायचे, असे दोन वर्षे चालले. वडील घोडेस्वारी शिकवत. रिंगणात सगळे त्यांना वस्ताद म्हणत, आणि तिथे असेपर्यंत तिनेही वस्तादच म्हणायचे, असा त्यांचा दंडक होता.

यंदा आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली आणि तिची मुलगी शिकायला येऊ लागली. वाटोळ्या चेहऱ्यामुळे घरात सगळे तिला बाहुली म्हणत. पहिल्याच दिवशी वस्तादांनी तिच्या हाताच्या लांबीने रिकिबीचा पट्टा मोजला, स्वतः तिचा पाय आत बसवला आणि घोडा चार पावले चालतो न चालतो तोच म्हणाले, "शाब्बास!"

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दोन वर्षांत मला एकदा तरी शाब्बास म्हणालात?" तिने घरी जेवताना विचारले.

"पिकतं तिथं विकत नाही, बाई," आई म्हणाली.

वडिलांनी घास संपवला. "रिकिबी मी येणाऱ्याजाणाऱ्यांना देतो. चार महिने यायचं, फोटो काढायचे, निघून जायचं. त्यांना शाब्बासकीही भरपूर. ज्याच्याकडून मला काही हवं असतं, त्याच्या काढतो."

"आणखी कुणाच्या काढल्यात?"

"तुझ्या आधी एकाच्या."

ते वाक्य भिंगरीने जिवापाड जपले. बाहुलीला खुशाल मिळोत शाब्बासक्या. ती दिसली की भिंगरीला आता जरा दयाच येई, आणि ती दया तिला फार आवडे.

मग एका रविवारी वस्ताद बाहुलीची दुडकी चाल पाहत बराच वेळ उभे राहिले. त्यांनी घोडा थांबवला, तिच्या रिकिबी काढल्या आणि कुंपणावर टांगल्या.

"आता चल."

बाहुली दोनदा पडली. दोन्ही वेळा उठून चढली. तिसऱ्या फेरीला तिची पाठ सैल झाली, कंबर घोड्याबरोबर हलू लागली. हे जमायला भिंगरीला सहा महिने लागले होते. वस्ताद नुसते पाहत राहिले. ते पाहणे भिंगरी ओळखत होती. आजवर ते फक्त तिच्या वाट्याचे होते.

तबेल्यात घोड्यांना खरारा करताना बाहुलीने हळूच विचारले, "ताई, मामा चिडलेत का गं माझ्यावर?"

"वस्ताद उगाच कुणावर चिडत नाहीत."

"म्हणजे मला जमत नाहीये?"

भिंगरीचा हात घोड्याच्या पाठीवर थांबला. खरे उत्तर जिभेवर होते. "बघ बाई," ती म्हणाली, "ज्याला जमत नाही, त्याला ते तोंडावर सांगत नाहीत. रिकिबी काढतात. मग माणूस आपणच यायचं थांबतं."

दुसऱ्या दिवशी बाहुली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आत्याचा फोन आला, की पोरीचे पोट दुखते आहे आणि आता तिला शिकायचेच नाही म्हणते.

त्या सकाळी भिंगरीला रिंगण अगदी आपल्या मालकीचे वाटले. तिने तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला वस्तादांनी तिला थांबवले. त्यांच्या हातात रिकिबी होत्या.

"पाय दे."

"का?"

"चुकलंच माझं. चांगली मांड होती त्या पोरीची, मी घाई करून घालवली." ते खाली मान घालून बक्कल लावत होते. "तुझ्यावरही तोच जुलूम केला. दोन वर्षं! लहान होतीस गं." त्यांनी पट्टा ओढून पाहिला, तिचा पाय आत बसवला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी ज्या मऊ आवाजात बोलत, त्याच आवाजात म्हणाले, "शाब्बास."

भिंगरीला रडू कोसळले. "बाबा, काढा ते," ती म्हणाली, आणि बाहुलीला काय सांगितले होते ते तिने सगळे ओकून टाकले.

वडिलांनी बक्कलवरचा हात काढला. "उतर," ते म्हणाले. "दोन गल्ल्या तर आहेत. तूच जा."

बाहुलीने विस्कटलेल्या केसांनी दार उघडले. तिचे पोट काही दुखत नव्हते.

"रिकिबी जमत नाही म्हणून काढत नाहीत. जमतं म्हणून काढतात," भिंगरी धापा टाकत म्हणाली.

"मग तुझ्या केव्हा काढल्या?"

"पहिल्याच दिवशी." एवढ्यावर थांबता आले असते. "पण मी त्यांची मुलगी ना, म्हणून. मला घोड्यावर बसलेलं कुठं पाहिलं होतं त्यांनी? तुझ्या मात्र तुला पाहून काढल्या."

बाहुलीने डोळ्यांवरचे केस मागे सारले. "मग खोटं का बोललीस?"

"जळले म्हणून. आता बूट घाल."

बाहुली आत गेली. पलंगाखालची खुडबुड दारापर्यंत ऐकू येत होती. ती लवकर यावी असे भिंगरीला मनापासून वाटत होते, आणि बूट सापडूच नयेत असेही.