पट्ट्याचा जोड

मेनेझिस मिस्त्रीला येत नाही असं काही नव्हतंच, हीच तर रडकथा. गोव्यात पोर्तुगीज साहेबाच्या हाताखाली तो मशीनकाम शिकला, आणि साहेब गेल्यावर कुठे कुठे फिरत आमच्या तुमसरच्या राइस मिलमध्ये आला. काम सांगितलं की छाती फुगवून म्हणायचा, "पोसु!" म्हणजे मला जमतं. कधी करणार विचारलं की, "आमान्यां." म्हणजे उद्या. हळूहळू अख्खी मिल तेच बोलायला लागली. झाडणारी बाईसुद्धा मुनीमजींना तोंडावर "आमान्यां" म्हणायची आणि आम्ही बाया पोट धरून हसायचो.

रुखमा मात्र हसत नसे. तिची पोती भरायची जागा मशीन फिरवणाऱ्या मोठ्या पट्ट्याला अगदी लागून, आणि पट्ट्याचा जोड उसवत चालला होता. नवरा अंथरुणाला खिळलेला, लेकरं लहान. तिने भिऊ नये तर कोणी?

"मिस्त्री, थो जोड मारून द्या ना. जमते का नाही तुमाले?"

"पोसु, बाई, पोसु!"

"मंग कवा?"

"आमान्यां."

हे रोजचंच. एकदा मी चिडून म्हटलं, "तुमचा उद्या उगवते तरी कवा, मिस्त्री?" तो नुसता हसला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

नवमीला मिलमध्ये पूजा. नट आवळायचे पाने, हातोडे, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं नाही, मशीन मात्र नारळ फोडून शकुनाला थोडं चालवायचं, ही आमच्या मिलची रीत. नेमकं तेव्हाच मिस्त्रीचं लक्ष पट्ट्याकडे गेलं. त्याचा चेहरा उतरला. "अभी करता है," म्हणत त्याने पान्याकडे हात नेला.

"अरे बापा! हात नोका लावू!" रुखमाच ओरडली. "पूजेचं हातियार हाय. इतके दिवस रायलं, आता उद्या करजा."

"तो मशीन मत चलाओ."

"शकुन चुकवाचा का?" मुनीमजी भैय्यालाल म्हणाले. "जराशाक तर चालवाचं हाय."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्रीने हात मागे घेतला आणि बाजूला जाऊन बसला. दुसऱ्याच्या देवाधर्मात तो काय बोलणार?

शकुनाचा तांदूळ सुपात घ्यायला रुखमा आपल्या जागेवर उभी राहिली. मशीनने वेग घेतला आणि जोड सुटला. पट्टा फाडकन तिच्या मानेवर बसला. ती ओरडलीसुद्धा नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मिस्त्री उठला. पाटावरचा पाना उचलला, आणि कुंकवाने भरलेल्या हातांनी जोड मारायला बसला. कुणीही अडवलं नाही. विडी ओढून संपावी एवढ्या वेळात काम झालंसुद्धा. आम्ही बाया रुखमाजवळ बसून बघत होतो, आणि मला सगळ्यात जास्त रडू आलं ते याच गोष्टीचं. एवढंसं तर काम होतं.