खुर्ची सरकल्याचा आवाज

मी शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या सायबर कॅफेतला तीन नंबरचा हेडफोन. आजवर माझ्यातून पुष्कळ जण बोलले. स्वतःविषयी मी बोलतोय ते मात्र पहिल्यांदाच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते २००७ सालापासूनचं. कॅफेच्या मालकांनी, म्हणजे नवनाथमामांनी, खोका फोडून मला बाहेर काढलं. मला दोन पिना होत्या. हिरवी ऐकण्याची, गुलाबी बोलण्याची. मामांनी दोन्ही पिना संगणकाच्या डब्याच्या मागे खोचल्या. डबा होता टेबलाखाली, जमिनीवर. माझी वायर तिथपर्यंत जेमतेम पोचायची.

सुरुवातीला माझ्याकडे येणारी माणसं ओरडूनच बोलायची. माणूस जितका लांब, तितका आवाज मोठा. दुबईतल्या भावाशी बोलणाऱ्या एका आजोबांनी तर माझ्या कानांचे पडदे फाडायचेच बाकी ठेवले होते.

मग गौतमी आली. ती कारेगावची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुण्याच्या एका विद्यापीठानं इंटरनेटवरून जपानी भाषेचा वर्ग सुरू केला होता. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता ती मला डोक्यावर चढवायची. त्याआधी रुमालानं पुसायची. मला असं पुसणारी ती एकटीच.

तिची आई चांगुणा एका जपानी कंपनीत खोकी भरायची. खोक्यांवरची अक्षरं तिनं एकदा लेकीला दाखवली होती. "रोज हात लावते गं, पन ह्याच्यात काय लिवलंय ते मला न्हाई ठावं." गौतमीला ते वाचायचं होतं. शिवाय परीक्षा पास झाली, तर त्याच कंपनीच्या ऑफिसात तिला काम मिळण्यासारखं होतं.

शिकवायला अनिता मॅडम होत्या. वीस वर्षं फळ्यासमोर शिकवलेल्या. आता त्यांना पडद्यावर फक्त आमची नावं दिसायची, तोंडं दिसायची नाहीत. एकदा वर्ग सुरू होण्याआधी त्या शेजारी कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं हो." त्यांचा माईक चालू होता. ते मी ऐकलं, गौतमीनंही ऐकलं. तिला मॅडमची फार दया आली.

वर्गात दौंडचा सार्थक होता. तो बोलायला लागला की मागून रेल्वेची घोषणा ऐकू यायची.

"सार्थक, तुम्ही फलाटावर बसलाय का?"

"न्हाई मॅडम, कॅफे टेसनासमोर हाय. मुंबईची गाडी गेली की सांगतो."

सगळा वर्ग हसायचा. गौतमीही हसायची, पण तोंडावर हात ठेवून.

पहिल्या गुरुवारी मॅडमनी तिचं नाव घेतलं, तेव्हा ती चटकन उभी राहिली. कारेगावच्या शाळेत नाव पुकारलं की उभं राहूनच उत्तर द्यायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती उंच, माझी वायर आखूड. मला मानेला हिसका बसला आणि मागची गुलाबी पिन निसटली. हिरवी घट्ट होती, ती राहिली.

"वाताशी वा गौतमी देसु," ती म्हणाली. मी गौतमी आहे. अगदी स्वच्छ म्हणाली. पण ते माझ्या तोंडाशीच राहिलं.

"गौतमी? बोला." मॅडम म्हणाल्या.

तिनं पुन्हा सांगितलं.

"बोला ना, घाबरू नका."

ती खाली बसली. मी बोलले मॅडम, असं तिनं टाइप केलं. "लिहू नका, बोला," एवढंच उत्तर आलं. संध्याकाळी झाडताना मामांनी सवयीनं पिना अंगठ्यानं आत दाबल्या, त्यामुळे दुसऱ्या कुणाला काही कळलं नाही.

असे तीन गुरुवार गेले. मला सगळं माहीत होतं. पण दुसऱ्यांचा आवाज पोचवणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो.

तिसऱ्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या तासाला तोंडी परीक्षा आहे. आवाज आला नाही, तर मला शून्य द्यावं लागेल, गौतमी."

तिनं मला काढून टेबलावर ठेवलं. "मामा, पुढच्या गुरुवारी माझी जागा कुणाला तरी द्या. माझं बोलणं मॅडमना बोलण्यासारखं वाटतच न्हाई."

"येडी का काय तू? परीक्षेला तर ये. मग काय रुसायचं ते रूस."

ती आली. परीक्षेत तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं. नाव आलं, खुर्ची सरकली, मला हिसका बसला. गुलाबी पिन पुन्हा निसटली.

 मॅडमनी सावकाश विचारलं, "गौतमी, दर वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि मग काहीच येत नाही. वीस वर्षं मी तो आवाज ऐकलाय. तुम्ही उभ्या राहता का?"

गौतमीनं मान हलवली. ती मॅडमना दिसणार थोडीच!

"उठताना वायर ओढली जात असेल. कॅफेत कोणी असेल तर मागची वायर बघायला सांगा."

गौतमीनं हाक मारली, तसे मामा टेबलाखाली शिरले. "आगं पोरी, पिन निघालीय की!" त्यांनी ती दाबली. "हां, आता बसून बोल."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, बसून कसं बोलू तुमच्यासमोर?"

पुण्यापर्यंत पोचलेलं तिचं ते पहिलं वाक्य.

पलीकडे मॅडम हसल्या.  "उभ्या राहा. मीही इथे उभीच आहे. बसून शिकवायला मलाही जमत नाही."

ती परत उठायला लागलेली बघून मामांनी डबा उचलून टेबलावर ठेवला. वायर सैल झाली. गौतमी ताठ उभी राहिली आणि नाव, गाव, आई काय करते, सगळं जपानीत सांगत गेली. मी त्यातला एक शब्दही सांडू दिला नाही.

आता २००९ संपत आलंय. माझ्या कानांचा स्पंज गळालाय, माईकची दांडी मोडलीय. मामांनी मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवलंय. मागच्या महिन्यात गौतमी आली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून. तिनं मला खिळ्यावरून काढलं, रुमालानं पुसलं आणि परत अडकवलं.

मी आता फार दिवसांचा नाही. जाण्याआधी शिकवणाऱ्यांना एकच मागणं आहे. पलीकडून उत्तर आलं नाही, तर लगेच शून्य लिहू नका. कुणीतरी तुमच्यासाठी उभं राहिलेलं असेल.